पाचशे रुपयांत मोकळी

"कबूल करून टाक ना ताई. पाचशे रुपये दंड होईल, दुपारच्या यष्टीनं घरी जाशील." कोर्टाच्या व्हरांड्यात जो भेटला त्यानं मला हेच सांगितलं. हवालदारानं, चहावाल्यानं, स्वतःच्या तारखेला आलेल्या एका म्हातारीनंसुद्धा. सगळे भल्यासाठीच बोलत होते, म्हणून जास्त लागलं.

भानगड नेहमीचीच. जालना जिल्ह्यात गोदावरीच्या अंगाला आमची दीड एकर कोरडवाहू, मधे शेजाऱ्याची मोसंबी. बांधावरची वाट सासऱ्यांच्या आधीपासूनची. 2023 च्या दिवाळीनंतर त्यानं वाटेवर बाभळीच्या काट्या टाकल्या. कापूस वेचून पडलेला, नवरा ऊसतोडीला गेलेला. काट्या बाजूला सारल्या अन् गाडी काढली. झालं, गुन्हा दाखल. कलम 447, फौजदारीपात्र अतिक्रमण, अन् वर 506, धमकीचं. धमकी काय दिली, तर "आडवा येऊ नको" म्हणाले. जामीन जागेवरच झाला. पुढं समन्स.

वकिलानं पंधरा हजार सांगितले. कापूस तेव्हा सात हजाराच्या आसपास, म्हणजे दोन क्विंटल गेलेच. आता हिशेब करा. लढायचं तर पंधरा हजार, कबूल करायचं तर पाचशे. गरीब माणूस काय करील? अशी किती माणसं न केलेला गुन्हा कबूल करून यष्टीत बसत असतील! अन् कबुली तिथंच संपत नाही. वाट मोकळी करून मिळावी म्हणून मी तहसीलदाराकडं अर्ज दिलेला होता, 1906 च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली. इकडं "घुसले" म्हणून कबूल केलं असतं, तर शेजाऱ्यानं तोच कागद तिकडं दाखवला असता. पाचशे रुपयांत वाट गेली असती.

पुकारा झाला. साहेबांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का? म्हटलं, वाटेनं गेले, वाट आमची आहे. वकील? म्हटलं, पैसे नाहीत. तेव्हा ते म्हणाले, बाई, तुम्हाला सरकारी खर्चानं वकील मिळतो, विधी सेवा समितीत अर्ज द्या.

एवढंच वाक्य. हे मला ठाण्यात कुणी सांगितलं नाही, समन्स देणाऱ्यानं नाही, फी सांगणाऱ्या वकिलानं तर नाहीच. फुकट वकिलाचा कायदा 1987 चा आहे!

फुकटचा वकील फुकटाच्याच लायकीचा, असं गावात म्हणतात. मलाही तसंच वाटायचं. अर्ज दिल्यावर मला मिळालेले वकील एका तारखेला आलेच नाहीत, तेव्हा खात्रीच पटली. पण समजावून सांगितलं ते त्यांनीच. नुसतं दुसऱ्याच्या रानात पाऊल टाकलं म्हणजे हा गुन्हा होत नाही. गुन्हा करायचा, धाक घालायचा, अपमान करायचा किंवा त्रास द्यायचा इरादा लागतो. सुक दास म्हणून अरुणाचलातला एक आरोपी होता, त्याच्यावरही 506 च. वकील नव्हता, मागितलाही नव्हता. 1986 मध्ये सुप्रीम कोर्टानं त्याची शिक्षा रद्द केली. फुकट वकील मिळतो हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं म्हणून.

एवढं तत्त्वाचं बोलले, पण खरं सांगते, शेजाऱ्यानं उद्या वाट सोडली तर मी तडजोडीवर सही करीन. 447 आपसात मिटवता येतं. निकाल लागेपर्यंत तारखा करायच्या, तर तेवढा रोज बुडतो.

1 जुलै 2024 पासून जुनं कलम गेलं. नव्या न्याय संहितेत ते 329 आहे अन् दंड पाचशेचा पाच हजारांपर्यंत झालाय. तेव्हा व्हरांड्यातला सल्ला आता महाग पडेल. समन्स आलं तर कबूल-नाकबूल म्हणायच्या आधी कोर्टात विधी सेवा समितीची खोली विचारा, नाहीतर 15100 वर फोन लावा. बाईला उत्पन्नाची अट नाही. कुणी दाखला मागितलाच, तर 1987 च्या त्या कायद्याचं कलम 12 दाखवा.