पुळणीवरची पंगत

मालवणला जाणारा प्रत्येक पाहुणा सिंधुदुर्ग पाहतो, खाजे बांधून घेतो आणि घरी परतल्यावर चार लोकांना किल्ल्याची हकीकत सांगतो. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर या किल्ल्याची पायाभरणी केली आणि १६६७ साली काम पुरे झाले, हे आता शाळकरी पोरही सांगेल. त्यात मी नवी भर काय घालणार? म्हणून मी लिहिणार आहे किल्ल्यासमोरच्या पुळणीवर पडलेल्या एका ढिगाबद्दल आणि त्याच्या वासाबद्दल. वाचकांनी नाकाला रुमाल लावण्याची घाई करू नये. मी केली होती आणि नंतर वरमलो.

गेल्या फेब्रुवारीत मी गेलो तो सहलीला नव्हे. वडील गेल्यापासून गावचे घर, पंधरा माड आणि पुढची वाळूची पट्टी यांतला आमचा वाटा लोंबकळत पडला होता. ती जागा घेऊन पाहुण्यांसाठी खोल्या बांधायला एक गृहस्थ तयार होते. कागद माझ्या पिशवीत होता, सही तेवढी व्हायची होती. आप्पांची, म्हणजे वडिलांच्या धाकट्या भावाची, काहीच हरकत नव्हती. खरे सांगायचे तर हीच गोष्ट मला टोचत होती.

अंगणात पाऊल टाकले आणि वासाने स्वागत केले. कुजक्या अंड्याची आठवण व्हावी असा तो दर्प! समोर पुळणीवर भरतीने टाकलेल्या शेवाळाचा गुडघाभर उंच बांध पडला होता. पावसाळा संपल्यावर खडकांवर वाढणारे हे सरगॅसम उन्हाळा लागताना सुटते आणि लाटांबरोबर किनाऱ्याला येते. तपकिरी फांद्या आणि त्यांना मण्यांएवढे हवेचे फुगे. लहानपणी आम्ही ते फुगे चिमटीत धरून फोडत असू. माझ्याबरोबर जागा पाहायला आलेले गृहस्थ म्हणाले, "पुळण फर्स्टक्लास आहे. ही घाण तेवढी उचलायला हवी."

घाण उचलणे चालूच होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आप्पा गुडघ्यापर्यंत धोतर खोचून हारा भरत होते.

"इलंस? धर ह्यो हारो," एवढेच ते मला म्हणाले. आणि त्या गृहस्थांकडे न पाहता, "ह्यो कचरो नाय. ह्यां माडाचां जेवाण."

दर वर्षी ते शेवाळ आणून माडांच्या आळ्यांजवळ रचतात, मधूनमधून वरखाली करतात, पावसात त्याचा खार धुऊन जाऊ देतात. मग उरते ते काळे, भुसभुशीत खत.

मी मराठीचा प्राध्यापक. आमच्या भाषेत या प्रकाराला शब्दांची वाण नाही. भाजी सडते, दूध नासते, पीठ आंबते, लोणचे मुरते, पान कुजते, कापड विरते, पाणी जिरते. शेवाळाचे यांतले नेमके काय होते? या प्रश्नाचे उत्तर मला आप्पांच्या नातीने दिले. ती सूक्ष्मजीवशास्त्र शिकते आणि या ढिगातले नमुने न्यायला आली होती.

तिने माझ्यापुढे एक झाकणाची काचेची बशी धरली. "काका, आत काय दिसतंय?"

आत घट्ट, पारदर्शक असे काही थिजलेले होते, आणि त्यावर जीवाणूंचे पांढरे ठिपके. थिजलेला पदार्थ म्हणजे आगर. आपल्या स्वयंपाकघरात त्याला चायना ग्रास म्हणतात. तांबड्या समुद्रशेवाळातून ते काढतात. पूर्वी प्रयोगशाळांत जंतू वाढवायला जिलेटिन वापरीत. पण ते उबेत पातळ होई आणि पुष्कळ जंतू ते खाऊनही टाकीत. १८८१ साली फॅनी हेसे या बाईंनी आपल्या संशोधक नवऱ्याला आगर सुचवले. त्या ते घरी जेली थिजवायला वापरीत असत. तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळा या शेवाळाच्या चिकावर उभ्या आहेत, कारण बहुतेक जंतूंना तो पचत नाही.

"पण हे बघा," ती म्हणाली. ठिपक्यांच्या जागी आगरात खळगे पडले होते! तिने वरून आयोडीन ओतले. सारी बशी गडद तपकिरी झाली आणि प्रत्येक ठिपक्याभोवती तेवढे एक फिके वर्तुळ राहिले, चंद्राला पडते तसे खळे. तिथले आगर खाऊन फस्त झाले होते. हे जीवाणू ढिगात गुंतलेल्या तांबड्या शेवाळावरचे. असे आगरखाऊ जीवाणू समुद्रात असतात हे ग्रान नावाच्या नॉर्वेजियन शास्त्रज्ञाने १९०२ सालीच दाखवले होते.

जीवाणूला ना तोंड, ना दात. तो आपली विकरे, म्हणजे पाचक रस म्हणा, बाहेर सोडतो. शेवाळाच्या अंगातल्या शर्करांच्या लांबच लांब साखळ्या ती विकरे कातरतात आणि मग ते तुकडे तो आत ओढून घेतो. तपकिरी शेवाळात आगर नसते; तिथे अल्जिनेट, लॅमिनारिन आणि फुकॉयडन. यातले फुकॉयडन तर भलतेच चिवट. लेंटिमोनास नावाच्या जीवाणूला ते मोडायला सुमारे शंभर विकरे लागतात, असे २०२० साली आढळले. एका पक्वान्नासाठी शंभर सुऱ्या!

ढिगात ही पंगत थराथराने बसते. वर हवा असते तिथले खाणारे वेगळे. तळाशी प्राणवायू संपतो, तिथे समुद्राच्या पाण्यातले सल्फेट वापरून श्वास घेणारे बसतात, आणि त्यांच्या श्वासातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो. मला आलेला दर्प तो हाच. आप्पा ढीग वरखाली करतात तेव्हा तळाला हवा पोचते आणि वास कमी होतो. आप्पांना सल्फेट ठाऊक नाही. दाताळे ठाऊक आहे. ही पंगत नसती तर शेवाळातला नत्र न समुद्राला परत मिळता, न माडाला.

मी म्हटले, "म्हणजे समुद्राचे जठर बाहेरच आहे!"

"आणि कधी कधी ते माणसाच्या पोटातही शिरतं," ती म्हणाली आणि तिने एक गोष्ट सांगितली. फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर रोस्कॉफ येथे एका तांबड्या शेवाळावर झोबेलिया नावाचा जीवाणू सापडला. जपानी लोक ज्या शेवाळाची नोरी करून खातात, त्यातली साखळी तोडणारे विकर त्याच्यापाशी निघाले. आणि २०१० साली तेथील संशोधकांना आढळले की, त्याच विकराची जनुके जपानी माणसांच्या आतड्यातल्या एका जीवाणूतही आहेत. अमेरिकनांच्या आतड्यांत तपासून पाहिले, तिथे नव्हती. पिढ्यान् पिढ्या न शिजवलेल्या शेवाळाबरोबर समुद्रातले जीवाणू पोटात जात राहिले आणि त्यांची विद्या पोटातल्या जीवाणूंनी उचलली, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे. किनारा त्या माणसांच्या अंगी लागला, तो असा खाऊन खाऊन.

त्या रात्री पानात तिसऱ्यांचे सुके होते. तीस वर्षे पुण्यात वरणभात खाऊन माझे पोट नाजूक झाले आहे. काकूंनी दुसऱ्यांदा डाव पुढे केला तेव्हा मी हात आडवा धरला. आप्पा हसले आणि म्हणाले, "रवांदे. जेका पचता तेणा खावचां."

ते तिसऱ्यांबद्दलच बोलत होते. मला मात्र पिशवीतला कागद आठवला. आप्पांची हरकत का नाही, हे विचारायचे मी तीन वर्षे टाळत आलो होतो. आता विचारण्याची गरज उरली नाही. या जागेचे काय करायचे हे ज्याला इथले पचते त्याने ठरवायचे, आणि आपल्याला पचते की नाही हे ज्याचे त्याने ओळखायचे.

सकाळी सुकतीला मी हारा उचलला. चार खेपांत कंबर धरली. पाचवी खेप आप्पांनी घेतली.

कागद सहीवाचून परत आला. जुलैत आप्पांचा फोन आला: "ढीग बसलो रे. पाव पण उराक नाय." त्या गृहस्थांचेही दोन फोन येऊन गेले आहेत. दिवाळीच्या सुटीत मी पुन्हा जाणार आहे. कागद बरोबर असेल. पण आधी माडांची आळी बघेन, आणि तिसऱ्या दुसऱ्यांदा वाढून घेईन. पोटाचे काय होते ते पाहू.