नवतप्यातली बासरी

मे सरत आला, नवतपा लागला, की नागपुरात घरोघरी ओल्या वाळ्याचा वास दाटतो. कूलरच्या दमट खोलीतून बाहेर पाऊल टाकावं तर ४५ अंशांची कोरडी झळ. माणूस दुपट्टा गुंडाळतो, खिशात कांदा टाकतो. बासरीला ती सोय नाही. खोलीत फुगायचं, बाहेर आकसायचं, आणि एखाद्या दुपारी ती उभी चिरते. चीर डोळ्यांना दिसण्याआधी मंद्र पंचम जातो. सहाही भोकं मिटून फुंकावं तर नुसता वारा.

खरं तर हा वेळू इथला नाहीच. तो आसामच्या ओल्या हवेत वाढलेला. मेळघाट-गडचिरोलीत बांबूला काय तोटा? पण आमचा मानवेल जाड, बराचसा भरीव, आखूड पेरांचा, लाठीला नामी. पन्नालाल घोषांनी रूढ केलेल्या लांब बासरीला दीड हाताहून लांब, पातळ सालीचं, बिनगाठीचं पेर लागतं.

दुरुस्ती करणारे भाऊ चिरेत बांबूचाच भुगा दाबतात, वर फेव्हिक्विकचा थेंब सोडतात. वाळल्यावर पॉलिश पेपर. मग मेण चोळलेला दोरा: आधी एक फास आडवा ठेवायचा, त्यावरून वेढ्याला वेढा भिडवत यायचं, शेवटचं टोक फासात ओवून मागून खेचलं की गाठ वेढ्यांखाली गडप. शेवटी आतून जवसाचं तेल.

"बासरी चढी बोलते हो," मी म्हटलं.

"बोलणारच. भोकाला हात लावत नाही मी आता. भोकं आता लहान केली की थंडीत काय कराल?"

बरोबरच होतं. हवा एका अंशाने तापली की आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो, आणि नळीतला स्वर वर सरकतो. फुंकर आपली ऊब आणून फरक थोडा कमी करते, पण पुसत नाही. तारा मात्र उन्हाने सैलावून उतरतात.

"तंबोराच चढवा," भाऊ म्हणाले.

तेव्हापासून उन्हाळाभर तंबोरा बासरीच्या मागे चालतो. पेटीवाल्या मित्राचं मात्र कठीण आहे. पितळी पट्ट्या उष्म्याने उलट किंचित उतरतात, आणि त्या पिळायला खुंटी नसते. मृगापर्यंत आम्ही एकमेकांकडे नुसतं ताक प्यायला जातो.