जुन्या गावाचं मैदान
सास्तूरजवळच्या आमच्या जुन्या गावात मारुतीच्या देवळामागं खो-खोचं मैदान होतं. बाभळीचे दोन खांब, फक्कीच्या रेघा, बस्स. उमरग्याला, तुळजापूरला सामने असले की आम्ही नऊ गडी एसटीनं निघायचो. फडक्यात भाकरी अन् शेंगाची चटणी. हरून आलो की आई म्हणायची, "आधी जेव, मग रड."

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात गाव पडलं. नवातले तिघं गेले. नव्या गावात ऐसपैस मैदान आखलं, पण खो द्यायला वळलो की तीच तीन तोंडं दिसायची. मी खेळणं सोडलं.

२०२० मध्ये धाराशिवच्या सारिका काळेला खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला. पेढे घेऊन जुन्या गावात गेलो. गवतात पायानं चाचपत खांबाची जागा शोधली अन् तिथं तीन पेढे ठेवून आलो.