माळवदावरची माती

९ मे

केडगावात राहून मी नगरच्या जुन्या गावाची काळजी करते, याचं आमच्या कॉलनीत हसू होतं. "सोडून तर तुम्हीच आलात," शेजारच्या वहिनी आज तोंडावर म्हणाल्या. खरंच आहे ते. भूषणनगरच्या आमच्या ओळीत निम्मी घरं माळीवाडा, नालेगाव, सर्जेपुरा इथून उठून आलेली. इथे गाडी दारात लागते, जिन्याला कठडा आहे, भिंतीला भिंत नाही. ज्यांना जमलं ते पुणे रोडने केडगावला आले, ज्यांना जास्त जमलं ते सावेडीला गेले.

(बाहेरगावच्यांसाठी: पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन ज्या केडगावात आहे ते दौंड तालुक्यातलं. आमचं रेणुकामातेचं.)

शहर आटतं ते जनगणनेत दिसत नाही. एकूण आकडा वाढतच राहतो, रिकामा होतो तो मधला गाभा. कापड बाजारात दिवसा पाय ठेवायला जागा नाही आणि रात्री नऊनंतर वरच्या मजल्यांवर एक दिवा दिसत नाही. खाली दुकान, वर गोडाऊन, त्याच्या वर कबुतरं. आमच्या गल्लीत पूर्वी गणपतीच्या वर्गणीला पोरं दारोदार फिरायची. आता वर्गणी दुकानदार देतात आणि आरतीला माणसं केडगावहून येतात.

१२ मे

दर महिन्याच्या बारा तारखेला मेहेराबादला धुनी पेटते. नणंद जाते, आज मीही तिच्याबरोबर गेले. दौंड रोडने अरणगाव, आमच्यापासून जवळच.

लोक धुनीपाशी बसले होते. मी मात्र टेकडीवरच्या दगडी टाकीभोवती फिरत राहिले. पहिल्या महायुद्धाच्या वेळी इथे लष्कराची छावणी होती. छावणी उठली, इमारती ओस पडल्या. १९२३ साली मेहेरबाबा शिष्यांना घेऊन इथे आले ते त्या पडीक जागेतच. सैनिकांसाठी बांधलेली पाण्याची टाकी त्यांनी पाडली नाही, तिच्यात खोल्या केल्या. आज जगभरातून लोक इथे येतात, विशेषतः ३१ जानेवारीच्या अमरतिथीला, आणि अरणगावच्या कितीतरी घरांची चूल त्यावर पेटते.

श्रद्धेचा भाग बाजूला ठेवते. हिशेब एवढाच, की टाकीला कुणीतरी राहायला मिळालं म्हणून टाकी उरली. शेजारच्या माळावर छावणीची आणखी काय काय बांधकामं असतील, त्यांचा मागमूस नाही.

१५ मे

सकाळी आत्याकडे, जुन्या गावातल्या आमच्या वाड्यात. आत्या ऐंशीच्या पुढची, हलायला तयार नाही. मिस्त्री आले होते. वयाने माझ्याएवढेच, पण मी त्यांना काकाच म्हणते. वडिलांच्या वेळेपासून तेच येतात.

आमचं छप्पर माळवदाचं. भिंतीवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर किलच, त्यावर पाला, मग चिखल आणि सगळ्यात वर पांढरी माती. ही माती कुठलीही चालत नाही. जुन्या गावठाणाच्या पांढरीची लागते, पाण्याने ती घट्ट बसते आणि खाली ठिपका येऊ देत नाही. दर वर्षी मृगाच्या आधी वर चढायचं, उगवलेलं गवत मुळासकट काढायचं, मातीचा हात फिरवायचा, पन्हळी मोकळ्या करायच्या. दोन माणसांचं काम. हे काम आमच्याकडे बंद पडून बरीच वर्षं झाली. मधे कुणीतरी वर सिमेंटचा कोबा टाकून दिला.

काकांनी माजघरातल्या तुळईचं भिंतीत गेलेलं टोक लोखंडी सळईने टोचून पाहिलं. सळई वीतभर आत गेली. मधली तुळई खणखणीत, वाजवली तर घंटेगत बोलते. कुजलंय फक्त टोक. कारण त्यांनी मला बोट लावून दाखवलं. बाहेरून भिंतीला सिमेंटचा गिलावा केलाय. दगड-मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. गिलाव्याने तिचं सोडणं बंद झालं, मग ओल मिळेल त्या वाटेने निघाली आणि तिला लाकूड भेटलं. वरून कोब्याचं ओझं वेगळंच.

"पडला कशानं म्हणाल, तर दुरुस्तीनं," काका म्हणाले.

उपाय काय? कुजलेलं टोक कापायचं, जुन्याच सागाचा तुकडा सांधायचा, दोन्हीकडून पट्ट्या मारून बोल्ट आवळायचे, खाली दगडी घोडा द्यायचा. गिलावा खरवडून चुन्याचा करायचा, कोबा फोडून माती टाकायची. चुना आता तयार पोत्यात मिळतो, पण मुरवावा लागतोच. साग आणायला लांब जावं लागणार नाही, पाडलेल्या वाड्यांचा साग बाजारात पडून आहे. जो रिसॉर्टवाला तो नेतो, तो 'वाड्याचा फील' म्हणून दुप्पट भाव देतो. आमचे खांब आमच्याच गावात महाग.

काकांचं एक वाक्य मुद्दाम लिहून ठेवते: "ताई, नवीन बांधलं तर पैसा सिमेंट-लोखंडाला जातो. माझ्या कामात निम्म्याहून जास्त मजुरीला जातो, म्हणजे गावातच राहतो." शहरांच्या अर्थकारणावरची पुस्तकं याहून वेगळं काही सांगत नाहीत.

१९ मे

घरची बैठक. वाड्याला आता नऊ वारस, सही द्यायला सगळे, दुरुस्तीचा पैसा द्यायला कुणी नाही. चुलतभाऊ, आमचे दादा, विकासकाचा प्रस्ताव घेऊन आले. तीन मजले, खाली गाळे. दादा वाईट माणूस नाहीत. त्यांचं म्हणणं, "भाडेकरूचं भाडं ऐंशी रुपये, त्यात माळवदाची माती तरी येते का?"

येत नाहीच. १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ करता येते. ऐंशीचे ४ टक्के म्हणजे तीन रुपये वीस पैसे. तोच कायदा सांगतो, घर दुरुस्त ठेवणं मालकाचं कर्तव्य. दोन्ही कलमं एका वाड्यात नांदवून दाखवा म्हणावं. मालक दुरुस्ती करत नाही, भाडेकरू सोडत नाही, दोघंही पावसाची वाट बघतात.

मी बँकेत कर्जाच्या टेबलावर बरीच वर्षं काढली. जुन्या वाड्याच्या मूल्यांकनात जागेला किंमत असते, बांधकामाच्या रकान्यात जवळजवळ काही उरत नाही. मंजूर नकाशा मागायचा, तर दोनशे वर्षांपूर्वीच्या घराला तो कुठून आणणार? त्यामुळे पाडून बांधायला कर्ज आहे, सांधायला नाही. जुनी गावं रिकामी होण्यामागे हे टेबल किती आहे, यावर कुणी लिहीत नाही.

पावसाळ्याआधी 'धोकादायक इमारत' म्हणून नोटिसा लागतात, त्या महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली. दादांनी वाड्याला लागलेली नोटीस पुढे केली. मी कलम वाचून दाखवलं: पाडा, आधार देऊन सुरक्षित करा, हटवा किंवा दुरुस्त करा. शब्द चार आहेत. नोटीस हातात पडली की माणूस पहिलाच वाचतो.

२३ मे

मावसबहिणीचा अहमदाबादहून, मणिनगरहून फोन. तिला वाड्याचं सांगितलं, तर ती त्यांच्या पोळींबद्दल, म्हणजे तिथल्या जुन्या गल्ली-वस्त्यांबद्दल, बोलायला लागली. त्या शहराने १९९७ साली वारसा-फेरी सुरू केली, कालूपूरच्या स्वामीनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंत. वीस वर्षांनी, २०१७ साली, युनेस्कोच्या यादीत आलेलं ते भारतातलं पहिलं शहर ठरलं. तिथे जुनं लाकडी घर राखणाऱ्याला न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकता येतो. पाडून मिळणारा पैसा न पाडता मिळतो, असा डाव. मुंबईतही वारसा इमारतींची नियमावली १९९५पासून आहे, तीही यावरच उभी. सगळं आलबेल मात्र नाही. पोळींत गोडाऊनं वाढतायत, शिक्का मिळूनही घरं पडतायत, असं तीच म्हणाली.

फोन ठेवल्यावर वाचलेलं एक आठवलं. अमेरिकेत १९७७ साली गेल्सबर्ग, मॅडिसन, हॉट स्प्रिंग्ज या तीन लहान गावांत ओस पडलेली मुख्य बाजारपेठ जुन्या इमारतींसकट उठवायचा प्रयोग झाला. तिथे आधी दुकानदारांना एकत्र बसवलं, मग दर्शनी भिंतींना हात लावला. कापड बाजाराला उपयोगी पडेल ती ही उलटी वाट. आपल्याकडे आधी दिव्यांच्या माळा येतात.

२८ मे

शहराचा स्थापना दिन. १४९० साली मलिक अहमदने याच दिवशी बहामनी फौजेला हरवलं आणि सीनेकाठी शहराचा पाया घातला, असं मानतात. काही मंडळी बागरोजाला जाऊन त्याच्या कबरीवर चादर चढवतात. मी वाड्यात हौद साफ करून घेतला.

हौदाच्या तळाशी, कोपऱ्यात, खापरी नळाचं तोंड आहे. भाजलेल्या मातीचा नळ, एकाचं अरुंद टोक दुसऱ्याच्या रुंद तोंडात, सांधा चुन्याचा. कापूरवाडी, वडगाव, शेंडी अशा उंचावरच्या ठिकाणांहून निजामशाहीत शहराला जमिनीखालून पाणी आणलं होतं, केवळ उतारावर, एकही पंप न लावता. आत्याने लहानपणी हौदात पाणी पडताना पाहिलंय. मोटारीच्या नळाला दिवसाआड पाणी येतं तेव्हा ती हे मुद्दाम सांगते.

नगरला वारसा कमी नाही. १५८३ साली पुरा झालेला फराहबाग, दमडी मशीद, शहा डोंगरावरची सलाबतखानाची कबर (तिला सगळा जिल्हा चांदबिबीचा महाल म्हणतो), आणि ज्या किल्ल्यात १९४२ ते १९४५ नेहरू कैदेत होते तो भुईकोट. पहिली तीन केंद्राने संरक्षित केलेली. किल्ला लष्कराकडे, म्हणून शाबूत. संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटर बांधकामबंदी असते. पण या सगळ्यांत राहतं कुणीच नाही. पर्यटक येतो, फोटो काढतो, चहा पिऊन शिर्डीला जातो. माणसं राहतात त्या गल्ल्या कुणाच्याच यादीत नाहीत. दिल्ली दरवाजा उभा आहे, त्याच्या आतलं गाव बसत चाललंय.

३१ मे

अहिल्यादेवींची जयंती. १७२५ साली आपल्याच जिल्ह्यात, चौंडीला जन्म. शहराला आता त्यांचं नाव. तीन दिवसांच्या अंतराने जुन्या आणि नव्या नावाचे दोन दिवस येतात आणि दोन्हींवर भांडायला माणसं तयार असतात. मला भांडायचं नाही. मला महेश्वर आठवतं.

काशीचं मंदिर, घाट, बारवा, धर्मशाळा सगळ्यांना माहीत असतं. पण त्यांनी महेश्वरला विणकर आणून वसवले, ही गोष्ट मला जास्त मोठी वाटते. पुढे ती विणकरी मोडकळीला आली. १९७०च्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्यातल्याच मंडळींनी 'रेहवा सोसायटी' काढून किल्ल्याच्या आवारात माग पुन्हा चालू केले. आज महेश्वरी साडीमुळे गाव जागं आहे. घाट राखला गेला, कारण घाटावरच्या गावाला काम होतं.

नगरलाही माग होते. पद्मशाली समाजाच्या घराघरांत लुगडी विणली जायची, नगरची लुगडी लांब जायची. माग गेले, विड्या आल्या, मग विड्याही कमी झाल्या. जुन्या गावाच्या पुनरुज्जीवनाची भाषणं आज बरीच झाली. मागाचा उल्लेख कुणी केला असेल तर मी ऐकला नाही.

६ जून

काल रात्री पहिला मोठा पाऊस. मृगाच्याही आधी. आत्याला फोन केला. माजघर कोरडं, ओसरीत एक ठिपका.

बैठकीचा निकाल असा: दादांनी विकासकाला वर्षभर थांबायला सांगितलं. तुळईचं टोक सांधून झालं, कोबा निघाला, माती पडली. खर्च नऊपैकी पाच वारसांनी उचलला, चौघांची नावं लिहीत नाही. पुढच्या बाजूच्या दोन खोल्यांत स्पर्धा परीक्षांच्या पोरांसाठी अभ्यासिका सुरू करायची. जाड भिंतींत मे महिन्यात पंखा एकवर पुरतो, हे पोरांनी स्वतः येऊन पाहिलं. येणारं भाडं दर वर्षी आधी माळवदाला, मग वाटणीला, असं कागदावर लिहून सह्या झाल्या. वर्षाने दादांचं मत बदललं नाही, तर वाडा जाईल. तेही कागदावर आहे.

जुन्या गावात ज्यांचा वाडा आहे आणि जे आता केडगावला, सावेडीला, पुण्याला राहतात, त्यांना एवढंच सांगणं: विकायचा तो विका, पण त्याआधी एकदा जाणता मिस्त्री घेऊन वर चढा आणि तुळयांची टोकं टोचून बघा. सिमेंटचा हात लावू देऊ नका. आणि महापालिकेत आपण ज्यांना निवडून दिलंय, त्यांच्याकडे दोन गोष्टी मागा: राहत्या वाड्याच्या दुरुस्तीला एका टेबलावर परवानगी, आणि दुरुस्ती केली त्या वर्षी घरपट्टीत सूट. दिव्यांच्या माळा नंतर लावल्या तरी चालतील.