गुराख्याचा वाढदिवस

ह्यूस्टन शहरात फेब्रुवारी सरत आला की एरवी तेलकंपन्यांच्या वातानुकूलित दालनांत कंठलंगोट लावून वावरणारी प्रतिष्ठित माणसे एकाएकी उंच टाचांचे बूट, रुंद काठाच्या टोप्या आणि बशीएवढी बक्कले लावलेले पट्टे परिधान करून कचेरीत रुजू होतात, आसपासच्या परगण्यांतून घोडेस्वारांचे तांडे मजल-दरमजल करीत शहराच्या हमरस्त्यांवर उतरतात, आणि शाळकरी मुलांनाही एक दिवस असा वेष करण्याची मुभा मिळते. १९३२ साली सुरू झालेल्या पशुप्रदर्शनाचा आणि रोडिओचा हा पूर्वरंग होय. अशा नगरात, नेमक्या याच ऋतूत जन्मलेल्या मुलाने आपला सहावा वाढदिवस ‘काउबॉय’ थाटात व्हावा असा हट्ट धरला, तर त्याचा अर्ज फेटाळण्याची सोय पित्यापाशी उरत नाही.

अर्ज मंजूर झाला, पण सामानाची फेरिस्त पाहताच मतभेदास प्रारंभ झाला. अशा समारंभासाठी बाजारात जो तयार संच मिळतो त्यात टोपी, लाल रुमाल, शेरीफचा पत्र्याचा तारा, प्लॅस्टिकची पिस्तुले आणि मूळ रहिवाशांची म्हणून खपविली जाणारी पिसांची मुकुटे असतात. गाय मात्र औषधालाही नसते. पिस्तुले आणि मुकुटे गृहमंत्र्यांनी तत्काळ नामंजूर केली. मुलांनी परस्परांवर नेम धरून कोणाचा वंश संपला याचा खेळ करावा, हे माझ्याही मनास रुचण्यासारखे नव्हते. पण त्याहून मोठा आक्षेप असा की, तो संच सिनेमातल्या नायकाचा आहे आणि त्या नायकास गुरे राखताना क्वचितच कोणी पाहिले असेल.

खरा काउबॉय हा पगारी गुराखी होता. १८६५ साली यादवी युद्ध संपले तेव्हा टेक्सासच्या माळांवर लांब शिंगांची गुरे उदंड माजलेली होती. येथे ज्या जनावरास चार डॉलर येणे मुश्कील, त्यास उत्तरेकडील बाजारात चाळीसपर्यंत भाव मिळे, म्हणून १८६७ पासून चिझम मार्गाने कॅन्ससमधील ॲबिलीनच्या रेल्वेस्थानकापर्यंत कळपच्या कळप हाकून नेण्यात येऊ लागले. दोन-अडीच हजार जनावरांमागे दहा-बारा माणसे, दिवसाकाठी दहा-पंधरा मैलांची चाल, रात्री पाळीपाळीने पहारा, आणि महिन्याकाठी तीस-चाळीस डॉलरांचे वेतन, असा तो संसार. खोगीर, फास आणि मांड्यांवरचे कातडी संरक्षक हे सारे त्यांनी मेक्सिकन गुराख्यांकडून घेतले होते; आणि या पेशातील चौघांपैकी सुमारे एक जण कृष्णवर्णीय असावा असा इतिहासकारांचा अंदाज आहे. बैलाशी हातघाईची झुंज घेऊन त्यास लोळविण्याचा प्रकार रोडिओत रूढ करणारा बिल पिकेट हा कृष्णवर्णीय टेक्सन, १८७० सालचा जन्म. पुढे १८७४ साली ग्लिडन नावाच्या गृहस्थाने काटेरी तारेचे पेटंट मिळविले, माळरानास कुंपणे पडली, रेल्वे दारापर्यंत आली, आणि अवघ्या दोन दशकांत हा व्यवसाय आटोपला. उरली ती टोपी.

हा इतिहास सहा वर्षांच्या मुलापुढे सांगण्याचा नसतो, पण समारंभाचा मसुदा करताना तो उपयोगी पडतो. चार्ल्स गुडनाइट या पशुपालकाने १८६६ साली एका जुन्या लष्करी गाडीस कप्प्यांची पेटी जोडून फिरता मुदपाकखाना सिद्ध केला. त्यातून गुराख्यांना मुख्यत्वे शिजविलेले घेवडे, जाडसर पाव आणि काळी कॉफी मिळे. म्हणजे आमची भोजनाची चिंता मिटलीच, कारण घेवड्याची उसळ आणि मक्याची भाकरी एवढ्यावर टेक्सन, गुजराती आणि मराठी असे सर्व पाहुणे एका पंगतीस बसू शकतात. गोमांस आमच्या घरात शिजत नाही, एवढे कारण यजमानास पुरे. गवताच्या गठ्ठ्याला वासराचे प्लॅस्टिकचे मुंडके खोचून त्यावर दोरीचा फास टाकण्याचा खेळ शिकविण्याचे शेजारच्या मेक्सिकन वंशाच्या आजोबांनी आपण होऊन कबूल केले आहे. तो विभाग त्यांच्याइतका अस्सल दुसऱ्या कोणास चालविता आला नसता.

परंतु समारंभाचे खरे वळण ठरविले ते सांगलीहून आलेल्या आमच्या आईने. प्रदर्शनाच्या आवारात भले थोरले वशिंड, लोंबती पोळी आणि राखाडी कांती असलेला एक वळू पाहून ती थबकली आणि म्हणाली, “अरे, हे तर आपल्याकडचं जनावर दिसतंय!” तिचे बरोबर होते. आखाती किनाऱ्यावरची दमट उष्णता आणि गोचिडांचा उपद्रव युरोपीय जातींस सोसेना, तेव्हा हिंदुस्थानातील गीर, कांकरेज, नेल्लोर आणि कृष्णाकाठच्या गुरांच्या रक्तापासून येथे एक जात निर्माण करण्यात आली. तिच्या पैदासकारांची संस्था १९२४ साली याच ह्यूस्टनात स्थापन झाली. अमेरिकेत या जातीस ‘ब्राह्मण’ म्हणतात, त्याबद्दल येथे अधिक लिहीत नाही. रोडिओच्या रिंगणात स्वारास पालथा करणाऱ्या बैलांपैकी कित्येकांच्या अंगी हेच रक्त असते.

त्या दिवसापासून आईने कारभार हाती घेतला आहे. कृष्णाकाठी बेंदराच्या सणाला मातीचे बैल करून पूजतात, त्या धर्तीवर आलेल्या प्रत्येक मुलाने एक बैल घडवावा, त्याची शिंगे रंगवावीत आणि तोच भेट म्हणून घरी न्यावा, अशी तिची तजवीज आहे. औक्षण टोपी घालूनच होईल. यावर चिरंजीवांनी तडजोड करण्याचे साफ नाकारले आणि आजीने ते मान्यही केले. येथील मराठी मंडळातील काही गृहस्थांना ही सरमिसळ पसंत नाही. मला ती सरमिसळ वाटत नाही; गुरे राखणाऱ्यांचा उत्सव गुरांवाचून करणे हीच खरी विसंगती.

येथील ज्या वाचकांना असा समारंभ योजावयाचा असेल त्यांनी पिस्तुलांवरचा खर्च वाचवावा, मुलांस प्रथम पशुप्रदर्शनाच्या आवारात न्यावे, आणि त्या वशिंडवाल्या वळूपुढे त्यांना मनसोक्त उभे राहू द्यावे. टोप्यांची खरेदी मागाहूनही होते.