देवगिरीची कोठी

मैत्रिणींनो, दुपारी जेवणं उरकली, ओटा पुसून झाला, की घटकाभराचा निवांतपणा आपल्या वाट्याला येतो. कुणी आडवं होतं, कुणी विणकाम घेऊन बसतं, कुणी टीव्ही लावतं. मी लढाई लढते. हसू नका! पाटावरची लढाई हो. एका बाजूला देवगिरीचा किल्ला, दुसऱ्या बाजूला अल्लाउद्दीन खिलजीचे घोडेस्वार, आणि दोन्हीकडून खेळणारी मी एकटीच.

आमच्या भिशीत एकीनं विचारलंच, "अगं, पण याचा उपयोग काय?" विणलेला स्वेटर अंगात घालता येतो, घातलेलं लोणचं पानात वाढता येतं. मातीचे शिपाई मांडून हाताला काय लागतं? प्रश्न रास्त आहे. उत्तर दोन वाक्यांत देण्याजोगं नव्हतं, म्हणून तुम्हांलाच सविस्तर सांगते.

तुमच्या-आमच्या घरी दिवाळीत मुलं किल्ला करतात ना, त्यातूनच हे निघालं. माझ्या मुलानं दहा-बारा वर्षं अंगणात किल्ला केला. दगडविटा रचायच्या, वर गोणपाट, त्यावर चिखल, हिरवळीसाठी हळीव पेरायचं, गुलमंडीवरून मावळे आणायचे, शिखरावर महाराजांना बसवायचं. पुढे तो शिकायला पुण्याला गेला आणि मावळ्यांचा खोका माळ्यावर गेला. एका दिवाळीच्या झाडलोटीत तो खाली काढला. आत त्रेचाळीस मावळे, सात घोडेस्वार, एक वाघ आणि डोक्यावर घडा घेतलेली एक गवळण. कुणाचा हात मोडलेला, कुणाच्या पागोट्याचा रंग उडालेला. टाकून द्यायला मन होईना. पुसून पाटावर मांडले, आणि मांडल्यावर वाटलं, आता यांनी काहीतरी करायला हवं.

मोठ्या माणसांनी असे शिपाई मांडून खेळायचं, हे काही माझंच खूळ नाही बरं का. प्रशियाच्या सैन्यात राइसविट्स नावाच्या एका अधिकाऱ्यानं १८२४ साली नकाशावर ठोकळे हलवून लढण्याचा खेळ नियमांसह तयार केला, आणि तिथले लष्करी अधिकारी त्यावर सराव करू लागले. इंग्लंडात एच. जी. वेल्स या प्रसिद्ध लेखकानं १९१३ साली 'लिटल वॉर्स' नावाचं पुस्तक लिहिलं. हा गृहस्थ घरातल्या जमिनीवर खेळण्यातले शिपाई मांडून चिमुकल्या तोफेनं ते पाडत असे. पुस्तकाच्या लांबलचक उपनावात त्यानं मुलींनाही जागा दिली आहे, पण फक्त 'हुशार' मुलींना! असो. खऱ्या लढाईपेक्षा ही खोटी लढाई किती बरी, असं त्याचं म्हणणं होतं. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं.

आणि एवढ्या लांब तरी कशाला जायचं? आपल्या वेरूळला धुमार लेण्यात, म्हणजे २९ क्रमांकाच्या लेण्यात, शंकर-पार्वती सारीपाट खेळत बसलेले कोरले आहेत. पार्वतीला 'याचा उपयोग काय' असं कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही.

आता लढाई कोणती घ्यायची? आम्ही छत्रपती संभाजीनगरकर. देवगिरी, अर्थात दौलताबाद, घरापासून पंधराएक किलोमीटरवर. पाहुणे आले की नेऊन दाखवायचं आमचं ठरलेलं ठिकाण. म्हणून १२९६ साल घेतलं. ज्ञानेश्वरीच्या शेवटी ज्या रामचंद्र यादवांचं नाव येतं, तेच तेव्हा देवगिरीचे राजे. आपली व्रतवैकल्यं ज्याच्या ग्रंथात तपशिलानं नोंदली आहेत, तो हेमाद्री पंडित त्यांच्याच पदरी होता. राज्य भरभराटीला आलेलं, आणि राजपुत्र शंकरदेव सैन्य घेऊन बाहेर गेलेला. अशा वेळी अल्लाउद्दीन काही हजार स्वार घेऊन अचानक येऊन थडकला. तेव्हा तो सुलतानही झालेला नव्हता.

पुढची हकिगत फिरिश्ता या इतिहासकारानं लिहून ठेवली आहे. तो विजापूरच्या दरबारातला, घटनेनंतर तीनशे वर्षांनी लिहिणारा. तेव्हा तिला पुरावा म्हणा की आख्यायिका म्हणा, तुमची मर्जी. तो सांगतो, दिल्लीची मोठी फौज मागून येते आहे अशी आवई अल्लाउद्दीननं उठवून दिली. रामदेवरावांनी तह केला. एवढ्यात शंकरदेव परतला. बापानं निरोप धाडला, लढू नकोस. तो लढलाच. लढाई त्याच्या बाजूनं झुकलीही होती. पण किल्ल्यापाशी ठेवलेले शत्रूचे हजारभर स्वार धुरळा उडवीत धावून आले, आणि हीच ती दिल्लीची फौज, असं समजून यादवांचे सैनिक उधळले. मग पुन्हा वेढा. गडावर पोत्यांची थप्पी होती, म्हणून धीर होता. कोकणातून आलेल्या व्यापाऱ्यांची ती पोती घाईघाईनं वर चढवलेली. उघडून बघतात तो काय, धान्य नाहीच, मीठ! गड झुकला. खंडणीचं सोनं-मोती घेऊन अल्लाउद्दीन परतला, त्याच वर्षी चुलत्याला मारून दिल्लीच्या तख्तावर बसला.

हे वाचलं तेव्हा मनात पहिला विचार काय आला सांगू? पोती उतरवून घेताना तिथे आपल्यातली एक जरी बाई असती! दारात पोतं उतरलं, की आपण मूठभर दाणे काढून दाताखाली धरून बघतो, मगच पैसे मोजतो. एवढं मोठं राज्य, आणि पोतं उघडून बघायला कुणी नव्हतं?

म्हणून माझ्या खेळात तलवारीपेक्षा कोठीला जास्त महत्त्व आहे.

किल्ला मी कागदाच्या लगद्याचा केला. आपल्या आज्या टोपल्या करायच्या ना, तसाच. रद्दीचे तुकडे दोन दिवस भिजत घालायचे, कुटायचे, वाटलेली मेथी घालून मळायचे. मेथीनं चिकटपणा येतो आणि कीड लागत नाही. उपडं पातेलं पाटावर ठेवून त्यावर लगदा थापला, कडा सुरीनं सरळसोट तासल्यासारखा केला. चांद मिनार पंधराव्या शतकातला, तोफा तर त्याहूनही नंतरच्या, म्हणून त्या पाटावर नाहीत. सात घोडेस्वार पुरेनात, तेव्हा कपड्यांच्या लाकडी चिमट्यांचे घोडे करून चोवीस भरती केले. आमचे हे दोन दिवस चिमटे शोधत होते!

आता नियम. ते मी जुन्या दूधवाल्याच्या वहीत लिहिले आहेत. फूटपट्टी लागत नाही. घोडेस्वार एका खेपेला एक वीत सरकतो, पायदळ चार बोटं. दोघं समोरासमोर आले की दोन्हींसाठी फासा टाकायचा, मोठा आकडा जिंकला. कड्यावर उभा असेल त्याला एक जास्त.

एकटीनं खेळायचं तर शत्रूची चाल कोण ठरवणार? मीच ठरवली तर मजा गेली. त्यासाठी पत्त्यांचा जोड. रोज सकाळी, म्हणजे खेळातल्या सकाळी, एक पान उलटायचं. लाल निघालं की शत्रू चढाई करतो, काळं निघालं की वेढा घालून बसतो. राणी निघाली की तहाचं बोलणं. बादशहा निघाला की धुरळा उडाला, आवई उठली. तेव्हा फासा टाकायचा, आणि तीन किंवा त्याहून कमी पडलं तर यादवांची एक रांग पळते. शंकरदेवासाठी चौथ्या दिवसापासून रोज फासा, पाच किंवा सहा पडलं की तो येतो. आल्यावर त्यानं लढायचं की थांबायचं, एवढं मात्र माझ्या हाती.

आणि सगळ्यांत मोठा नियम वहीच्या पहिल्या पानावर आहे. नियमात न बसणारं काही घडलं, तर आधी नियम लिहायचा, मग फासा टाकायचा. फासा पडल्यावर नियम लिहिला की तो रडीचा डाव. समोर कुणी नसताना रडीचा डाव न खेळणं किती कठीण, ते पेशन्स लावणाऱ्या मैत्रिणींना सांगायला नको. मन तर देवगिरीकडून असतं. पण अल्लाउद्दीनचं पान निघालं, की त्याची चाल मला त्याच्याच डोक्यानं, चोख खेळावी लागते.

आता कोठी. जुन्या परकराच्या काठाची अंगठ्याएवढी दहा पोती मी शिवली. काहींत ज्वारी, काहींत खडेमीठ, आणि तोंडं शिवलेली. पुस्तकांत आकडे असतात ते शिपायांचे. पण गडावर काय नुसते शिपाई होते? शहरातली माणसं जीव घेऊन वर धावली असतील, त्यांत बायका, पोरं, म्हाताऱ्या. त्यांची नावं कुठल्या ग्रंथात नाहीत. पण कोठीत त्यांचा वाटा धरावाच लागतो. म्हणून माझ्या गडावर पंधरा शिपाई आणि पंधरा बाकीचे. त्या गवळणीला तिथंच जागा मिळाली, आणि तिच्यासारख्या आणखी काही मी लगद्याच्या केल्या. पंधरा तोंडांमागे रोज एक पोतं, म्हणजे दिवसाला दोन उघडायची. मीठ निघालं की त्या दिवशी पंधरा जण उपाशी. लागोपाठ दोन दिवस मीठ निघालं की गड तह करतो.

पोती मीच भरली तर मला कळणार. म्हणून ते काम सासूबाईंकडे दिलं. वय चौऱ्याऐंशी. मामंजी गेल्यापासून त्यांचं बोलणं फार कमी झालं होतं. जेवलात का, हो. औषध घेतलंत का, हो. तेवढंच. दुपारी त्यांच्यापुढे ज्वारीची वाटी, मिठाची वाटी आणि रिकामी पोती ठेवली, आणि म्हटलं, "कशात काय भरायचं ते तुम्ही ठरवा, मला सांगू नका." त्यांनी कशासाठी म्हणून विचारलं. मी सगळी कथा सांगितली. ऐकून म्हणाल्या, "म्हंजी दुष्काळच की."

आणि मग त्या बोलू लागल्या. १९७२ साली त्यांच्या पदरात तीन लेकरं होती. विहिरी आटलेल्या, जनावरं विकलेली, मामंजी दुष्काळी कामावर खडी फोडायला. रेशनवर परदेशातून आलेला लाल मिलो मिळायचा, त्याची भाकरी थापताना मोडायची. कामावर सुकडी मिळे, ती मामंजी न खाता पदरात बांधून घरी आणत. सासूबाई भाकरीचे किती तुकडे करायचे ते रात्रीच ठरवून ठेवत, कारण सकाळी पोरांची तोंडं बघून ठरवलं तर हिशेब चुकायचा. लग्नाला माझ्या इतकी वर्षं झाली, यातलं अक्षर मी कधी ऐकलं नव्हतं. आमच्या ह्यांनीही नव्हतं, आणि त्या तीन लेकरांतले मधले हेच!

तेव्हापासून पोती त्याच भरतात. किती मीठ घातलं, ते चेहऱ्यावर दिसू देत नाहीत. संध्याकाळी विचारतात, "आज गड हाय का गेला?" वहीत आतापर्यंत एकतीस डाव नोंदले आहेत. देवगिरी नऊ वेळा तगली. त्यांतल्या सात वेळा पोत्यांत मीठ कमी होतं म्हणून. शंकरदेवाच्या तलवारीनं जेमतेम दोनदा. हा काही इतिहासाचा निकाल नव्हे, नियम माझेच आहेत. पण रात्री तुकडे मोजून ठेवणाऱ्या बाईला गड कशानं तगतो, हे सांगायला मला खेळाची गरज नव्हती. ऐकायला होती.

मागच्या महिन्यात एका डावात पहिलं पोतं ज्वारीचं, दुसरं ज्वारीचं, तिसरं, चौथं, सगळी दहाच्या दहा ज्वारीची निघाली. मी वळून पाहिलं, तर सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, "घातली सगळ्यात जवारीच. खाऊ दे बापड्यांना एक डाव पोटभर." तो डावही मी नियमानंच शेवटपर्यंत खेळले. वहीत निकालापुढे लिहिलं, 'कोणीही उपाशी नाही.'

तर उपयोग काय, या प्रश्नाचं माझं उत्तर हे असं. स्वेटर नाही, लोणचं नाही. एक तास, ज्यात मला कुणी हाक मारत नाही. एक वही, जिचे नियम मी केले आणि मीच पाळते. आणि आमच्या घरातली एक मोठी गोष्ट, जी पन्नास वर्षं कोठीच्या कोपऱ्यात तोंड शिवून पडली होती.

तुम्हांला करून पाहायचं असेल, तर येत्या दिवाळीत मुलांचा किल्ला झाला की मावळे केरात टाकू नका. पाट घरात आहे, पत्ते आहेत, फासाही मुलांच्या सापशिडीत सापडेल. लढाई आपल्या गावाजवळची घ्या, म्हणजे जागा डोळ्यांपुढे येते. गडावर जेवणारी तोंडं सगळी मोजा. आणि पोती मात्र घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला भरायला द्या.