शेजारच्या घरातले धाडस

‘शिवाजी जन्माला यावा, पण शेजारच्या घरी,’ असे आपण मराठी माणसे हसत हसत म्हणतो. हसण्यावारी नेलेल्या बोलण्यातच पुष्कळदा आपले खरे मत दडलेले असते. २०१८ सालच्या मे महिन्यात आमच्या चंद्रपुरात मला याचा चांगलाच प्रत्यय आला.

त्या महिन्याच्या १६ तारखेला आमच्या जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची पाच आदिवासी मुले एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचली. मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काटमोडे आणि विकास सोयाम. ‘मिशन शौर्य’ या नावाने ही मोहीम आखली होती. आदल्या वर्षीच्या ऑगस्टपासून या मुलांना वर्धा, हैदराबाद, दार्जिलिंग आणि लेह-लडाख असे फिरवून तयार केले होते. २७ मे रोजी पंतप्रधानांनी आकाशवाणीवरच्या ‘मन की बात’मध्ये पाचांचीही नावे घेतली. ज्या गावात मे महिन्यात पारा सत्तेचाळिसाच्या घरात जातो आणि भर दुपारी रस्त्यावर कुत्रेही दिसत नाही, त्या गावाच्या मुलांनी बर्फात झेंडा रोवला, याचे आम्हाला केवढे कौतुक! स्टाफरूममध्ये पेढे वाटले गेले. ज्या स्नेह्यांनी पेढे आणले होते त्यांनी महिन्यापूर्वीच आपल्या चिरंजीवांना सह्याद्रीतल्या एका साध्या पावसाळी भटकंतीची परवानगी नाकारली होती. मी त्यांना तसे बोलून दाखवले, तेव्हा ते पेढा तोंडात घालीत म्हणाले, “अहो, ती मुलं काटक असतात. आपल्या पोरांचं तसं नाही.”

‘ती मुलं काटक असतात’ हे वाक्य मला पुढे फार दिवस सतावीत राहिले. काटक मुलाचा हात बर्फाने कमी गळतो, असे वैद्यकशास्त्र सांगत नाही. आणि काटक मुलाच्या आईला रात्री झोप लागते, असेही कोणी सांगितलेले नाही. गरिबाच्या मुलाचे धाडस आपल्याला स्वस्त वाटते, एवढाच त्याचा अर्थ. आपण टाळ्या वाजवतो आणि घरी येऊन आपल्या मुलाला म्हणतो, ‘गच्चीच्या कठड्यावर बसू नकोस.’

हा सगळा विचार तत्त्व म्हणून ठीक होता. पण गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या घरातला शिवाजी आमच्याच घरात उगवला, आणि तोही मुलीच्या रूपाने.

आमची कन्या सतरा वर्षांची. बारावीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती. एका रात्री जेवताना तिने जाहीर केले, “मी सायकलनं हेमलकशाला जाणार आहे. एकटी.” हेमलकसा म्हणजे भामरागड तालुक्यातले ते ठिकाण, जिथे बाबा आमट्यांनी १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी आयुष्य घातले. चंद्रपूरहून बल्लारपूर, गोंडपिपरी, मग आष्टीला वैनगंगा ओलांडून गडचिरोली जिल्ह्यात शिरायचे. पुढे आलापल्ली, आणि तिथून घनदाट जंगलातून भामरागडचा रस्ता. मोटारीने गेले तरी अंग आंबून जाते.

घरात जे व्हायचे ते झाले. माझ्या आईने देवासमोर दिवा लावला. शेजारच्या काकूंनी ‘मुलगी आहे हो’ एवढेच म्हटले आणि ते चार वेळा म्हटले. मी, मराठीचा प्राध्यापक असल्यामुळे, साहस आणि अविचार या दोन शब्दांतला फरक समजावून सांगू लागलो. सौ. शांतपणे भात वाढीत होती. ती म्हणाली, “पंक्चर काढता येतं का तुला?”

कन्येला येत नव्हते.

“मग आधी ते शिक. बाकीचं नंतर बोलू.”

वाचकहो, या एका वाक्यात जेवढी अक्कल होती तेवढी मला पुढच्या महिनाभराच्या वाचनात सापडली नाही. तरी वाचन केलेच. अडचण आली की पुस्तकाकडे धावायचे, ही आमच्या पेशाची सवय.

वाचताना २०१० सालची एक जोडगोळी भेटली. जेसिका वॉटसन ही ऑस्ट्रेलियन मुलगी एकटीने शिडाच्या होडीतून जगाला वळसा घालून १५ मे रोजी सिडनीला परतली. सतरा वर्षे पुरी व्हायला तीन दिवस कमी होते. पंतप्रधान स्वागताला हजर. तिच्या आईबापांच्या धैर्याचे गोडवे गायले गेले. त्यानंतर महिना उलटायच्या आत, १० जूनला, ॲबी संडरलँड या तेवढ्याच वयाच्या अमेरिकन मुलीच्या होडीची डोलकाठी हिंदी महासागराच्या मध्यावर मोडली. ती वाचली, पण तिच्या आईबापांवर जगभरातून दगडफेक झाली. दोन्ही घरांनी केले ते एकच होते. फरक होता तो वाऱ्याचा आणि लाटेचा. म्हणजे परवानगी देणारा बाप शहाणा की बेजबाबदार, हे मुलगी परत आल्यावर ठरते! लग्नाची पत्रिका लग्नानंतर जुळवावी तसा हा प्रकार.

पण ॲबीच्या कथेत मला दुसरेच काही अधिक बोचले. तिला उचलायला एक फ्रेंच मासेमारी जहाज आपले काम टाकून वाट वाकडी करून गेले. त्या खवळलेल्या पाण्यात तिला वाचवताना जहाजाचा कप्तानच समुद्रात पडला आणि त्याला मोठ्या मुश्किलीने वर काढावे लागले. ‘एकटीने’ हा शब्द किती फसवा आहे पाहा. ती एकटी गेली, पण तिच्यासाठी जीव धोक्यात घालणारे कितीतरी जण न विचारताच तिच्या सफरीत सामील झाले. एव्हरेस्टवरही तेच. १८ एप्रिल २०१४ ला हिमकडा कोसळून तिथे सोळा नेपाळी वाटाडे व हमाल एका सकाळी गेले. ते कोणताही विक्रम करायला गेले नव्हते.

तिसरी मुलगी हॉलंडची, लॉरा डेकर. तेराव्या वर्षी तिने एकटीने पृथ्वीप्रदक्षिणा करायची म्हटले. बाप तयार होता. पण २००९ साली प्रकरण कोर्टात गेले, आणि कोर्टाने तिला बालसंरक्षण खात्याच्या देखरेखीखाली ठेवले. मला हे कोर्ट आवडले. त्याने मुलीला वेडी ठरवले नाही, की बापाला गुन्हेगार. मधल्या काळात तिने मोठी होडी मिळवली, प्रथमोपचार शिकली, झोपेशिवाय राहण्याचा आणि तुटक झोप घेण्याचा सराव केला. २०१० च्या जुलैत कोर्टाने देखरेख उठवली, ऑगस्टमध्ये ती निघाली आणि २१ जानेवारी २०१२ ला, सोळाव्या वर्षी, फेरी पुरी केली. माझी सौ. आणि ते डच न्यायाधीश यांनी एकमेकांना कधी पाहिलेले नाही. पण दोघांचा प्रश्न एकच: पंक्चर काढता येते का?

लॉराची आणखी एक गोष्ट. तिचा जन्मच आईबापांच्या समुद्रसफरीत, न्यूझीलंडमध्ये झाला, आणि पहिली काही वर्षे होडीवर गेली. आपल्या मुलांना आजोळचा वाडा जसा, तसा तिला समुद्र. आमच्या कन्येला जंगल तसे आहे काय? चंद्रपूरला राहून जंगल ओळखीचे होते, हा बाहेरच्यांचा गोड गैरसमज आहे. पुण्या-मुंबईचे पाहुणे ताडोब्याच्या जिप्सीत बसून तीन तासांत जेवढे जंगल पाहतात, तेवढेच पुष्कळ चंद्रपूरकरांनीही पाहिलेले असते.

म्हणून मी ज्याला ते ठाऊक आहे त्याला विचारले. आमच्या वर्गात अहेरी तालुक्यातल्या आतल्या गावचा एक विद्यार्थी आहे, माडिया घरातला. बेताचे बोलणारा, पण बोलतो ते नेमके. त्याला म्हटले, “अरे, तू लहानपणी जंगलातून एकटा जायचास ना? भीती नाही वाटायची?”

तो माझ्याकडे जरा नवलाने पाहू लागला. “एकटा कोण जाते जी जंगलात?”

हे उत्तर मला अपेक्षित नव्हते. मग त्याने मोहफुलांचे सांगितले. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले पहाटे गळतात. ती उन्हाने सुकायच्या आत वेचायची, म्हणून बाया आणि पोरे अंधारातच निघतात. पण निघतात ती मिळून. वेचताना माणूस वाकतो, आणि वाकलेला माणूस वाघाला जनावरासारखा दिसतो. म्हणून एकमेकांना सारख्या हाका घालायच्या, खोकायचे, गाणे म्हणायचे. इतके करूनही घात होतोच. २०२५ च्या मे महिन्यात आमच्याच सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बाया वाघाने एकाच दिवशी मारल्या. त्यांच्या घरी कोणी परवानगीचा प्रश्न काढला नव्हता. तेंदूची पाने तोडली नाहीत तर पावसाळ्याची बेगमी कशी व्हायची, एवढाच प्रश्न होता. धाडस हा शब्दसुद्धा त्यांच्यासाठी कोणी वापरला नाही. तो आपण मोकळ्या वेळात करायच्या गोष्टींसाठी राखून ठेवला आहे.

जंगलात पिढ्यान् पिढ्या राहिलेला माणूस एकटा जात नाही. एकटे जाण्याची हौस शहराची. हे मी कन्येला सांगितले. तिला ते पटले नाही असे नाही. पण सतरा वर्षांच्या माणसाला पटणे आणि मान्य करणे यांत बरेच अंतर असते. “मग एकटीनं जायचंच नाही का कधी?” तिने विचारले. या प्रश्नातली तळमळ मला खोटी वाटली नाही. आम्ही तिला शिकवणीला सोडायला जातो, आणायला जातो; रस्त्यात असताना तीनदा फोन करतो. सतरा वर्षांत ती एकटी अशी कुठे होतीच कधी? तिला हेमलकसा नको होते; कोणीही बघत नाही असे काही तास हवे होते. ते मागणे मला रास्त वाटले.

दरम्यान, ती रोज संध्याकाळी आमच्या कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे जाऊन बसू लागली. पहिल्या दिवशी तो मला म्हणाला, “सर, पोरीले हे काम कायले शिकवता?” तिसऱ्या आठवड्यात म्हणाला, “आता हिच्या हातानं टायर निघते जी.” त्यानेच आणखी एक शहाणपणाची गोष्ट सांगितली. आम्ही घरात वाघावर वाद घालीत होतो. तो म्हणाला, वाघाचे सोडा, आष्टी ते आलापल्लीच्या रस्त्यावरचे ट्रक बघा. सुरजागडचे लोहखनिज वाहणारे ते अजस्र ट्रक रात्रंदिवस धावतात, आणि त्या रस्त्यावर सायकलवाल्याला कडेला उतरायला धड जागा नसते. भीती आणि धोका यांचे पत्ते पुष्कळदा वेगळे असतात. आपण भीतीच्या पत्त्यावर पत्र टाकीत बसतो.

शेवटी जो तह झाला तो असा. चंद्रपूर ते आष्टी तिने एकटीने जायचे, पहाटे निघून. फोन फक्त गोंडपिपरीहून, तोही तिनेच करायचा. आष्टी ते आलापल्ली एस. टी.ने, सायकल टपावर. आलापल्लीच्या पुढे माझा तो विद्यार्थी आणि त्याची बहीण सायकलीवर तिच्याबरोबर. “तीन तुकड्यांचं धाडस,” म्हणून कन्येने नाक मुरडले. पण सही केली. सौ.ने एक कलम वाढवले: वाटेत कुठूनही परत फिरावेसे वाटले तर फिरायचे, आणि घरात कोणीही त्यावर अक्षर बोलायचे नाही.

या कलमाची परीक्षा ऑगस्टमध्येच झाली. सराव म्हणून ती मूलला निघाली होती. चिचपल्लीच्या पुढे आभाळ एकदम काळे झाले, दिवसा अंधारले, रस्त्यावर चिटपाखरू नाही. दहा मिनिटे ती सायकल धरून उभी राहिली आणि मागे वळली. घरी आली ती चिंब भिजून, आणि रात्री जेवली नाही. ठरल्याप्रमाणे कोणी काही बोलले नाही. माझ्या आईने फक्त गरम दूध तिच्या खोलीत नेऊन ठेवले.

मला त्या रात्री ‘मिशन शौर्य’मधली दुसरी मुले आठवत होती. त्या तुकडीतली काही मुले शिखर न गाठता परतली. त्यांची नावे कोणी आकाशवाणीवर घेतली नाहीत, आणि मलाही ती पाठ नाहीत. महिनोन् महिने तयारी करून, माथा जवळ आला असता पाय मागे वळवायचा, हे किती कठीण असेल! त्यांच्या आयांना मात्र त्या दिवशी पाच जणांच्या आयांइतकाच आनंद झाला असणार. आमच्या कन्येला मी जाऊ द्यायचे नक्की केले ते पंक्चर काढता येऊ लागल्यामुळे नव्हे. त्या चिचपल्लीच्या वळणामुळे.

ती डिसेंबरात निघेल. सायकल पडवीत तयार उभी आहे. परवा मी सहज पुढचा ब्रेक दाबून पाहिला तर तो मला सैल वाटला. तिला तसे सांगितले, तेव्हा पुस्तकातून डोकेही वर न काढता ती म्हणाली, “मुद्दाम तसा ठेवलाय, बाबा. उतारावर पुढचा ब्रेक एकदम लागला की माणूस हँडलवरून पुढे पडतो.”

हे मला ठाऊक नव्हते.